किती माणसांचं पाणी धरू?

ज्या वर्षी लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्या वर्षी मी समुद्रकिनाऱ्यावर सुट्टीला गेलो होतो. हे मी चारचौघांत सहसा बोलत नाही. बोललो की समोरच्याचा चेहरा असा होतो, जणू घरात मयत पडलेलं असताना मी सर्कस बघून आलोय. कोकणातला समुद्र असता तर लोकांनी एक वेळ माफ केलं असतं. माझा समुद्र कॅरिबियन होता. त्याच्या काठावर छत्रीखालच्या खुर्चीचं एका दिवसाचं भाडं ऐकून मी पहिला दिवस वाळूवर उभाच राहिलो होतो.

यात माझं कर्तृत्व काहीच नाही, हे आधीच सांगून टाकतो. मी लातुरात ज्युनिअर कॉलेजला भूगोल शिकवतो. पंचवीस वर्षं फळ्यावर चंद्र काढून पोरांना भरती-ओहोटी समजावली, पण समुद्र कधी पाहिला नव्हता. पोरांनाही कधी शंका आली नाही, कारण त्यांनीही पाहिला नव्हता. पैसे सगळे धाकट्या भावाचे. तो अमेरिकेत असतो आणि बोलावण्यामागं त्याचा एक बेत होता.

"दादा, आईला घेऊन ये," तो फोनवर म्हणाला. "नवं घर बघेल. मग पाच दिवस एका बेटावर रिसॉर्टला नेतो. चोवीस तास पाणी म्हणजे काय असतं, बघू दे तिला एकदा. मग विचारू, इथंच राहतेस का म्हणून. परतीचं तिकीट सध्या तुझं एकट्याचंच काढतो."

मी म्हणालो, "बरोबर आहे तुझं."

बरोबर होतंच. आई सत्तरीच्या पुढची, दोन्ही गुडघे गेलेले. आमच्या कॉलनीत आठ-दहा दिवसांनी टँकर यायचा, घरटी एक ड्रम, तोही घरातली माणसं मोजून भरून. टँकरचा हॉर्न ऐकला की आई गुडघे विसरून गेटबाहेर. रांग लावायची तिनं, भांडणं मिटवायची तिनं, मधे घुसणाऱ्याच्या सात पिढ्या काढायच्या त्याही तिनंच. टँकरवाला आधी तिला "मावशी, नमस्कार" म्हणायचा, मग पाइप सोडायचा. मला विचाराल तर ती जाऊ नये असंच वाटत होतं. पण ज्या घराच्या नळातून नुसता वारा येतो, त्या घरात आईला "राहा" कोणत्या तोंडानं म्हणायचं? म्हणून मी भावाच्या बाजूनं बोलत राहिलो. एखादी गोष्ट मनात नसली की मी ती फार पटवून सांगतो.

बायको आली नाही. येऊच शकत नव्हती. घरात आम्ही तिघंच, मुलगी पुण्याला हॉस्टेलवर. टँकर आला आणि घराला कुलूप दिसलं, तर नंबर गेला; पुढचे दहा दिवस शेजाऱ्यांच्या तोंडाकडं बघा. बायको म्हणाली, "तुम्ही जा समुद्र बघायला, मी ड्रम बघते." आणि बॅगेची चेन लावता लावता विचारलं, "अहो, तुम्ही याल तेव्हा पाणी किती माणसांचं धरू? दोघांचं का तिघांचं?"

मी म्हणालो, "कळवतो."

आईला हा बेत माहीत होता. लपवाछपवी आमच्या घराण्यात कुणाला जमत नाही. ती एवढंच म्हणाली, "तुझ्या बापानं बी मला असंच आणलं होतं लातूरला."

ते खरं आहे. लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा वडिलांची कारकुनी चाकूरहून लातूरच्या नव्या कचेरीत आली. आईला गाव सोडवेना. वडिलांनी तिला सांगितलं, "अगं, जिल्ह्याचं ठिकाण हाय आता. घरात तोटी, तोटीला चोवीस तास पाणी. आडावर जायचं कामच न्हाई." तोटी बसली त्या दिवशी आईनं तिला हळदकुंकू वाहिलं. पाणी चार दिवसांनी आलं. त्या चार दिवसांत तिनं शहाणपण शिकून घेतलं: पाणी दिसलं की घरात जे जे पोकळ आहे, ते ते भरायचं.

हैदराबादच्या विमानतळावर तिच्या बॅगेत धपाटे, शेंगदाण्याची चटणी, विभूतीची डबी आणि तेलाचे दोन रिकामे पाच लिटरचे कॅन निघाले. तपासणीवाल्यानं विचारलं, "माँजी, खाली क्यूँ?"

आई म्हणाली, "भरने कू."

त्यानं सोडलं.

*

आठवडाभर भावाच्या घरी राहून मग आम्ही तिघं बेटावर गेलो. रिसॉर्टवर उतरताच आमच्या मनगटांवर प्लास्टिकचे निळे पट्टे बांधले. हा पट्टा दाखवला की खाणंपिणं सगळं फुकट, असं भावानं सांगितलं. आई म्हणाली, "लग्नात वऱ्हाड ओळखायला बांधतेत तसं."

सगळं फुकट आहे, हे कळल्यावर कशाकशाचे पैसे पडतात त्याचा कागद मिळाला. रिसॉर्टची फी म्हणून एक रक्कम होती. ही कशाची, असं मी भावाला विचारलं. तो म्हणाला, "रिसॉर्टमध्ये राहिल्याची." मग खोलीचं भाडं कशाचं? "खोलीत राहिल्याचं." आई दोघांकडं बघत होती. ती म्हणाली, "म्हणजे पंगतीचे वेगळे आणि पत्रावळीचे वेगळे."

पुढं अनुभवांची यादी होती. तिथं लोक काही करत नाहीत, अनुभव घेतात. सूर्योदय अनुभव होता, त्यात सूर्य तोच, पण सोबत कापलेला अननस. मौन अनुभव होता, तासाभराचा. सगळ्यांत खाली अनवाणी अनुभव: एक माणूस तुम्हाला चपला काढून वाळूवर चालवून आणणार. मी त्याची फी रुपयांत करून आईला सांगितली. ती बराच वेळ स्वतःच्या पायांकडं बघत राहिली. "आमचं लई उधार राहिलं म्हण की," ती म्हणाली.

समुद्राबद्दल मी फार लिहीत नाही. पंचवीस वर्षं शिकवलेलं सगळं बरोबर निघालं, एवढंच. आईनं पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं, तोंड वाकडं केलं आणि पाठ फिरवून खोलीकडं चालू लागली. एवढं पाणी आणि सगळं फिजूल, हे तिला बघवेना.

खोली आम्हा दोघांची, भावाची शेजारी. मी अंग टाकलं, डोळा लागला. उठलो तर न्हाणीघरातून धो धो आवाज. आईनं टब काठोकाठ भरला होता. तेलाचे दोन्ही कॅन, बर्फाची बादली, कॉफीची किटली, चहाचे कप, फुलदाणी, सगळं भरलेलं. पूजेचा तांब्या वेगळा झाकून उंचावर. सकाळी लिंगपूजा झाल्याशिवाय तिच्या पोटात चहा जात नाही, त्यामुळं ते पाणी पहिलं. टबावर तिनं पलंगाची चादर अंथरली होती, वर चारी कोपऱ्यांना माझे आणि तिचे चपला-बूट, चादर उडू नये म्हणून. केराच्या टोपलीपुढं मात्र ती विचारात उभी होती.

"नवीच दिसायलीय," ती म्हणाली. "वापरायच्या पाण्याला चालंल का रे?"

"आई, इथं चोवीस तास पाणी आहे."

"आता हाय," ती म्हणाली.

मी टोपली भरून दिली.

दुसऱ्या दिवशी आम्ही नाश्ता करून आलो, तर टब कोरडा ठणठणीत, चादर पलंगावर ताणलेली, बूट ओळीनं. खोली आवरणाऱ्या बाईनं बूच काढून सगळं पाणी सोडून दिलं होतं. आई टबाच्या काठावर बसली. घरात चोरी झाल्यावर माणसं बसतात तशी. "भरलेलं सोडून दिलं रे," ती पुन्हापुन्हा म्हणत होती. "काय म्हणावं बाईला." मग उठली आणि तोटी सोडली.

दुपारी ती बाई टॉवेल द्यायला आली तेव्हा आईनं तिला हाताला धरून न्हाणीघरात नेलं. बाई उंचीपुरी, काळीसावळी, साधारण माझ्या बायकोच्या वयाची. आई तिला मराठीत सांगत होती, टब दाखवत होती, बोट आभाळाकडं करत होती, मग हात हलवून "न्हाई, न्हाई" म्हणत होती. बाईला मराठी येणं शक्य नव्हतं. पण तिनं आईकडं जरा निरखून बघितलं आणि मान हलवली. तिसऱ्या दिवशी टब भरलेलाच होता. चादरीच्या जागी मोठे दोन टॉवेल नीट खोचून बसवले होते, वर चहाचा ट्रे पालथा, अगदी झाकण. आई खूश. "शिकली बघ," म्हणाली.

त्याच दिवशी दाराखालून पत्र आलं. बाल्कनीत नऊवारी वाळत घालू नये, टबात पाणी साठवून ठेवू नये, सुरक्षेच्या कारणास्तव असं करणाऱ्यांकडून सफाईची जादा फी घेण्यात येईल. भाऊ पत्र घेऊन आला, कान लाल झालेले.

"दादा, तू तरी सांग ना तिला! माझी इज्जत काढायला आलात का इथं?"

"मी सांगितलं."

"आणि?"

"मग टोपली भरून दिली."

त्या संध्याकाळी बायकोचा फोन. "समुद्र कसाय?"

"लई पाणी आहे गं."

"बरं झालं. कुणाला तरी बघायला मिळालं." मग तेच. "परवा टँकर हाय. मग नंतरचा तुम्ही याल तेव्हाच. किती माणसांचं धरू?"

मी आईकडं बघितलं. ती बाल्कनीत बसून ओली नऊवारी मांडीवरच वाळवत होती. मी म्हणालो, "कळवतो."

*

चौथ्या दिवशी भावानं गावजीवन अनुभवाची तिकिटं काढली. आईला गावासारखं वाटेल, इथं करमतं असं तिला वाटेल, हा त्याचा हिशोब. गाडीत आमच्यासारखे वीसेक पाहुणे, सगळ्यांच्या डोक्यावर रिसॉर्टनं दिलेल्या गवती टोप्या. एका गावात उतरलो. नारळ फोडून दाखवला, टोपली विणून दाखवली. मग वाटाड्यानं सांगितलं की आता सगळ्यांनी रंगवलेलं एकेक मडकं घ्यायचं, गावातल्या नळावर भरायचं, डोक्यावर ठेवून दहा पावलं चालायचं. फोटो तो काढणार, त्याची फी वेगळी.

आई माझ्याकडं वळली. "डोक्यावर पाणी वाहायचे पैसे ही माणसं देणार?"

"हो."

"आपण देणार?"

"धाकट्यानं दिलेत."

तिनं भावाकडं एकदा बघितलं आणि पदर कमरेला खोचला.

नळ रस्त्याच्या कडेला, सिमेंटच्या ओट्यावर. त्याच्यापुढं भांड्यांची ओळ: पिवळे कॅन, निळे कॅन, बादल्या, रंगाचे रिकामे डबे, एका डब्यात दगड. माणूस एकही नाही. पाहुण्यांना ती ओळ फार सुंदर वाटली, दोघातिघांनी वाकून फोटो काढले. कुणी तरी मुद्दाम सजावट केली असावी, असंच त्यांना वाटलं. मला मात्र एकदम आमची कॉलनी आठवली. रस्त्यापलीकडं एका झाडाच्या सावलीत दहा-बारा बायका बसल्या होत्या आणि नळाकडं डोळे लावून होत्या.

नळाला नुकतंच पाणी सुटलं होतं, पण पाहुण्यांचे फोटो होईपर्यंत बायकांना थांबायला सांगितलेलं दिसत होतं. एक गोरे आजोबा, अर्ध्या चड्डीतले, आपल्या बायकोला मडकं घेऊन नळाखाली उभं करत होते. फोटोत येतोय म्हणून त्यांनी ओळीतला पहिला निळा कॅन पायानं बाजूला सरकवला.

"ओऽ!" आई ओरडली. मला वाटतं, लातूरपर्यंत ऐकू गेलं असेल. "नंबर हाय तो! ठेव माघारी!"

आजोबा हसले आणि आईचाही फोटो काढला.

आई गुडघ्यांवर हात देत ओट्यापाशी गेली. कॅन उचलून जागेवर ठेवला, शेजारच्या डब्यातला दगड नीट केला, मग आजीबाईंच्या मनगटाला धरलं आणि त्यांना मडक्यासकट थेट ओळीच्या शेवटी नेऊन उभं केलं. मडकं हातातून घेऊन शेवटच्या बादलीमागं ठेवलं. "हितं थांब. आधी त्यांचं, मग तुझं."

मी जमिनीत शिरायला जागा शोधत होतो. भाऊ बसच्या मागं गेला होता. पण आजीबाईंचा चेहरा उजळला. त्या आजोबांना हाक मारून म्हणाल्या, "किती अस्सल आहे हे!" आईला त्यांनी गावचीच धरलं होतं. बघता बघता वीसच्या वीस पाहुण्यांनी आपापली मडकी आणून ओळीत लावली आणि गवती टोप्या सावरत उभे राहिले. वाटाड्या घड्याळ बघत होता, पण करतो काय? आई रांग चालवत होती. पुढं सरका म्हणायला ती मडक्यावर टिचकी मारायची, मधे घुसलेल्याला दंडाला धरून मागं न्यायची. ते लोक तिला "येस, मॅम" म्हणायचे.

सावलीतल्या बायका उठून आल्या, एकमेकींना ढकलत, पोट धरून हसत. त्यांतली एक दोन पिवळे कॅन घेऊन पुढं आली आणि आईपुढं उभी राहिली. आमची खोली आवरणारी बाई. आज तिची सुट्टी आहे, असं सकाळी कुणी तरी म्हणालं होतं. सुट्टी कशाची ते आता कळलं. तिनं मला इंग्रजीत सांगितलं: बेटावर पाऊस नाही, नळ दोन दिवसांआड, तोही दोन तास. घरी कुणी नसतं, म्हणून पाण्याच्या दिवशी ती काम बुडवते. मग आईकडं बोट करून म्हणाली, "पहिल्या दिवशी मी बूच काढलं. घरी जाऊन झोप आली नाही."

मी ते आईला मराठीत सांगितलं. आईनं बाईच्या हातातला एक कॅन घेतला आणि स्वतः नळाखाली धरला.

पाहुण्यांचा नंबर पाऊण तासानं आला. तोवर पाण्याची धार करंगळीएवढी झाली होती, प्रत्येकाच्या मडक्यात तांब्याभर पडलं. सगळ्या सहलीतला हा सगळ्यांत चांगला अनुभव, असं त्यांनी गाडीत एकमुखानं सांगितलं. उतरताना आजोबांनी आईच्या हातावर एक डॉलर ठेवला.

आईनं तो कपाळाला लावला. भावाला दाखवून म्हणाली, "मला हितं काम लागलं बघ."

*

शेवटच्या दिवशी अकरा वाजता खोली सोडायची होती. अकरानंतर तासाला फी. दहा वाजता बॅगा भरून झाल्या आणि भाऊ न्हाणीघरात गेला, बूच काढायला.

"हात लावू नको," आई म्हणाली.

"आई, पाणी सोडायचंच आहे ना!"

"गटारीत?"

बाल्कनीच्या खाली ओळीनं नारळाची रोपं होती, नुकती लावलेली, मलूल. आईनं बर्फाची बादली भावाच्या हातात दिली, केराची टोपली माझ्या. ती स्वतः टबापाशी स्टुलावर बसून मगानं भरून द्यायची. आम्ही दोघं, एक भूगोलाचा शिक्षक आणि एक कंपनीतला साहेब, पांढऱ्या लिननच्या शर्टात, तिसऱ्या मजल्यावरून खाली आणि खालून वर. लिफ्टमध्ये भरली भांडी न्यायला मनाई होती. तीन खेपांत भावाचा शर्ट पाठीला चिकटला. पाचव्या खेपेला तो टबाच्या काठावर टेकला आणि ज्यासाठी एवढा खर्च केला होता ते एकदाचं विचारलं.

"आई, मग? राहतेस का माझ्याकडं?"

मी टोपली घेऊन दारात उभा होतो. जायला पाहिजे होतं. गेलो नाही.

"त्या नळावर ठेवत असशील तर राहते," आई म्हणाली.

"थट्टा नको."

"थट्टा न्हाई रे लेकरा." तिनं बादलीत एक मग ओतला. "तुझं घर लई छान हाय. तोटी फिरवली की पाणी. तुझी बायको म्हणती, आई, तुम्ही बसा. मी बसते. दुपार होती, तरी बसलेलीच. सांजच्याला तू येतोस, विचारतोस, आई, काय केलंस दिवसभर. काय सांगू?" आणखी एक मग. "तिकडं लातूरला तुझी वहिनी एकटी नंबर धरून हाय. कोपऱ्यावरचा तो मेला दर टँकरला दोन ड्रम लावतो. मी नसले की तिला दाबतेत."

खोलीतला फोन वाजला. रिसेप्शनवरून. साडेअकरा झाले होते. भावानं फोन उचलला, ऐकलं, आणि त्याच्या तोंडून गेल्या वीस वर्षांत न ऐकलेली भाषा निघाली.

"थांबा हो जरा! पाणी हाय अजून टबात!"

फोन ठेवून त्यानं बादली उचलली आणि खाली गेला. जिन्यावर त्याच्या बुटांचा फच् फच् आवाज येत राहिला. दोन तासांची जादा फी लागली, सफाईचीही लागली. त्यानं दोन्ही भरल्या आणि तिथंच उभ्या उभ्या फोनवर आईचं तिकीट काढलं. माझ्याकडं बघितलं नाही. मीही त्याच्याकडं बघितलं नाही. मला आनंद झाला होता आणि तो त्याच्यासमोर दाखवायची लाज वाटत होती, म्हणून मी उगीच त्या फीच्या कागदातली अनवाणी अनुभवाची ओळ पुन्हा वाचत बसलो.

बाहेर येऊन मी बायकोला फोन लावला.

"हं, बोला," ती म्हणाली. "किती माणसांचं धरू?"

"तिघांचं."

पलीकडं ड्रमचं झाकण वाजलं. मग ती म्हणाली, "बरं. आईंना म्हणावं, ते दोन कॅन तिकडं ठेवून येऊ नका. हितं लागतील."